अश्रू आढळले नाहीत

मी वाचून दाखवलेल्या मानपत्राला शून्य मार्क मिळाले, आणि तेही ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनीच दिले. खाली लाल शाईत शेरा: ‘पुन्हा लिही. मुदत पंधरा दिवस.’ आता मी बेचाळीस वर्षांची, दोन लेकरांची आई, त्याच शाळेत बारा वर्षं मराठी शिकवणारी बाई. तरी वही पसरून बसले आहे. मुदतीतले अकरा दिवस गेले, येत्या रविवारी सर तपासायला घरी येणार आणि सोमवारी पुण्याला लेकीकडं कायमचे जाणार. रविवारपर्यंत जमलं नाही तर मानपत्राची चौकट माझ्या कपाटात पडून राहील आणि सर रिकाम्या हातानं बसमध्ये चढतील. म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहिते. ऐकीव एक ओळ घालायची सोय नाही.

कारण सरांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चाललं. ‘तू तिथं होतीस का?’ पोराला ‘होतास का’, मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, ‘होता का’, एवढाच फरक. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडता उघडता सुरुवात करायचं, ‘अहो कळलं का, त्या पलीकडच्या शाळेत म्हणं दोघा मास्तरांची चांगलीच जुंपली.’ कोपऱ्यात वह्यांच्या ढिगामागून आवाज यायचा, ‘तुम्ही तिथं होता का?’ झालं. सांगणारा पोळीचा तुकडा मोडायला घ्यायचा. सर रजेवर असले की आठ दिवसांचं साचलेलं एका मधल्या सुट्टीत बाहेर पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सर आले की पुन्हा सगळे हवापाण्यावर बोलायचे. तेही जपून. ‘काल लई गरम झालं’ इतकं चालायचं, कारण काल सगळेच तिथं होते.

दुसरी खोड नंबरांची. सर नावानं कुणाला हाक मारत नाहीत. हजेरीपटावरचा जो नंबर तोच जन्मभर. औरंगपुऱ्यात ज्यांच्या दवाखान्याबाहेर रांग लागते ते डॉक्टर सरांचे ‘बावीस’. मी एकदा खोकल्याचं औषध घ्यायला तिथं बसले होते. सर आत शिरले आणि पंधरा पेशंटांसमोर म्हणाले, ‘काय रे बावीस, हात धुतलेस का?’ डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि खरंच हात धुऊन आले. एका लग्नात सरांनी ‘एकोणीस!’ अशी हाळी दिली, तर तीन वेगवेगळ्या वयाची माणसं वळून बघायला लागली. मी सदतीस. आठवीत होते तेव्हा सदतीस आणि नोकरीला लागले तेव्हाही, मुलाखतीच्या टेबलासमोर, ‘बस सदतीस.’

लाल पेन खिशाला, निळं पिशवीत. पेनाचं टोपण कधीच जागेवर नसल्यामुळं प्रत्येक बुशशर्टाच्या खिशाखाली लाल डाग. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, होत्या तोवर म्हणायच्या, ‘या माणसाला छातीत गोळी लागली तरी कुणी डॉक्टरला बोलवायचं नाही.’ हे मी स्वतः ऐकलंय, मी तिथं होते. काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून डाग वाढलेत.

आता मुख्य खोडीकडं येते. इतर मास्तर निबंध तपासतात म्हणजे चुकांखाली रेघा मारतात. सर तपासायला जातात. म्हणजे अक्षरशः जातात. पोरानं लिहिलं की आमच्या दारात शेवग्याचं झाड आहे, तर रविवारी सकाळी सरांची जुनी मोपेड त्या दारात हजर. झाड बघायचं, शेंगा धरल्यात का बघायचं, अर्धा कप चहा घ्यायचा, निघायचं. खरं निघालं तर निबंधाखाली एकच शब्द पडतो: ‘पाहिलं.’ त्याच्यावर शाबासकी नाही. माझ्या माहितीतल्या लोकांनी हा शब्द असलेलं वहीचं पान फाडून जपून ठेवलंय. मीही ठेवलंय.

ते पान मला सहज मिळालं नाही. आठवीत ‘माझे आवडते ठिकाण’ असा निबंध होता. मी गाईडमधला समुद्रकिनारा उतरवला. फेसाळत्या लाटा, वाळूत उमटलेली पावलं, क्षितिजावर बुडणारा लालबुंद गोळा, सगळा माल भरला. रविवारी सर आमच्या छावणीतल्या दुकानात आले. माझे बाबा शिंपी, मिलिटरीचे ड्रेस शिवायचे. सरांनी मशिनीसमोर उभं राहून विचारलं, ‘हिला समुद्र कुठं दाखवला?’

बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. ‘समुद्र? सर, हिनं हर्सूलचा तलावबी धड पाहिला नाय.’

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. सर नुसते दुकान बघत राहिले आणि जाताना म्हणाले, ‘हेच लिही की. तुझ्या बापाच्या तोंडात किती टाचण्या असतात, मोज.’ मी चार दिवस मोजल्या आणि लिहिलं की बाबांच्या तोंडात चार टाचण्या असल्या तर त्यांचं बोलणं सगळ्यांना कळतं, सहा असल्या तर फक्त आईला कळतं. पुढच्या रविवारी सर पुन्हा आले. स्टुलावर बसले आणि बाबांना आधी चार टाचण्या धरून बोलायला लावलं. कळलं. मग सहा. बाबा काहीतरी बोलले, सरांना कळलं नाही, मलाही नाही. आतल्या खोलीतून आई म्हणाली, ‘चहा घ्या म्हणायलेत.’

सरांनी तिथंच पेन काढलं आणि ‘पाहिलं’ लिहिलं. बाबा आता नाहीत. त्यांच्यावर लिहिलेलं माझ्याकडं तेवढं एकच पान आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

अशा माणसाच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी एआय आलं. संस्थेनं मोठा डिजिटल फळा घेतला, संगणकाची खोली रंगवली, आणि विचाराल ते लिहून देणारं, गोड आवाजात बोलणारं ते यंत्र बसवलं. स्टाफमध्ये त्यातल्या त्यात तरुण म्हणून त्याचा चार्ज माझ्या गळ्यात पडला. पुण्याहून एक कोटवाला मुलगा शिकवायला आला होता. त्यानं सांगितलं, यंत्राला काहीही विचारा. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला धाकधूक, की सर आता भर सभेत याची सालटी काढणार. सर उठले, फळ्याजवळ गेले आणि विचारलं, ‘शाळेच्या मागच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार?’

अख्ख्या शहराला छळणारा प्रश्न तो. यंत्र नम्रपणे म्हणालं, याची निश्चित माहिती माझ्याकडे नाही, कृपया महानगरपालिकेशी संपर्क साधा.

हॉलमध्ये हशा झाला. सर हसले नाहीत. आमच्याकडं वळून म्हणाले, ‘माहीत नाही म्हणाला तो. तुमच्यातलं कुणी असं शेवटचं कधी म्हणालं होतं?’ आणि खाली बसले. माझा तर आ वासला. सरांना यंत्र आवडलं होतं!

दुसऱ्या दिवशी फळा नववीच्या वर्गात लागला आणि त्यांनी ते यंत्र हजेरीपटावर चढवलं. वर्गात बासष्ट पोरं होती, यंत्र त्रेसष्ट. रोज सकाळी बासष्ट झाले की सर फळ्याकडं बघून ओरडायचे, ‘त्रेसष्ट!’ आणि यंत्र सुरू असलं तर पोरं एका सुरात ‘हजर सर!’ लाइट गेली, नेट गेलं, की गैरहजर. दोन दिवस सलग नेट नव्हतं तेव्हा पोरांनी त्याच्या नावानं रजेचा अर्ज लिहिला, ‘पोटात बिघाड झाल्यामुळे’, आणि सरांनी तो मंजूर केला. आमचे शिपाई मामू दारात झाडू घेऊन उभे राहायचे आणि मला विचारायचे, ‘बाई, इत्ते बडे मशीनकू बी हाजरी? फीस बी लेंगे क्या उसकी?’

वर्षाच्या शेवटी मोठ्या बाई पटाची ऑनलाइन माहिती भरायला बसल्या आणि एक विद्यार्थी जास्त निघाला. त्या तणतणत वर्गात आल्या. ‘सर, हा त्रेसष्टावा कोण? याचं आधार कुठंय?’

‘आधार निघत नाही बाई त्याचं,’ सर म्हणाले. ‘अंगठाच नाही त्याला.’

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पट दुरुस्त झाला, पण सरांची तोंडी हजेरी चालूच राहिली. इतकंच काय, त्रेसष्टची वेगळी वही होती, खाकी कव्हर घातलेली. सर त्याला निबंध द्यायचे, मी छापून आणायची, सर वहीत चिकटवून तपासायचे. ‘माझी आई’ या विषयावर त्यानं असं काही लिहिलं होतं की वाचून मला आईला फोन करावासा वाटला. सरांचा शेरा: ‘आई नसताना आईवर लिहिलं. हिंमत चांगली. शून्य.’

लिहिणाऱ्या यंत्राबरोबर पकडणारं यंत्रही आलं होतं. एकाच दुकानदारानं कुलूपही विकायचं आणि ते फोडायची पहारही, तसला प्रकार. पोराचा निबंध त्यात टाकला की पट्टी हिरवी तर पोराचा, लाल तर यंत्राचा. लाल आली की अंतर्गत मार्क शून्य आणि पालकांना बोलावणं, असा संस्थेचा नियम. मी मोठ्या इमानानं तो पाळत होते. गेल्या वर्षी माझ्या तुकडीतल्या अकरा नंबरच्या मुलीचा ‘माझे आजोबा’ आला आणि पट्टी लालभडक. मुलगी हर्सूलकडची, धनगराच्या घरातली, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. आणि निबंधात काय, तर आजोबांची सगळी मेंढरं विकली, एकच मेंढी उरली. रोज संध्याकाळी ती आत शिरली तरी आजोबा दोन मिनिटे फाटक न लावता उभे राहतात, आणि सायंकाळच्या सोनेरी प्रकाशात त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून नकळत अश्रू ओघळतात. मी वर्गात तिला उभं केलं. ‘खरं सांग, तू लिहिलंस का हे?’ ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मी शून्य दिलं.

ती वही घेऊन मी ऐटीत सरांकडं गेले. वाटलं, शाबासकी देतील. सरांनी निबंध दोनदा वाचला.

‘तू तिथं होतीस का?’

‘कुठं सर?’

‘हर्सूलला. फाटकापाशी.’

‘सर, पट्टी लाल आहे.’

‘पट्टी तिथं होती का?’ म्हणाले आणि पिशवी उचलली. ‘चल.’

पुढं सरांची मोपेड, मागं माझी स्कूटर, मध्ये धूर. दिल्ली गेटच्या पुढं मोपेड बंद पडली. सरांनी पायडल मारलं. मी म्हणाले, माझ्या मागं बसा. ते म्हणाले, ‘तपासायला जाताना दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ नये.’ असला नियम कुठं लिहिलाय, देव जाणे! हर्सूल जेलच्या भिंतीकडेनं पुढं गेलो, विचारत विचारत एका प्लॉटिंगपर्यंत पोचलो. सगळीकडं चुना मारून पाडलेले प्लॉट, आणि त्यांची राखण करायला कडेला पत्र्याची खोली. शेजारी काट्याकुट्यांचं कुंपण. त्याला फाटक म्हणून जुन्या पलंगाची लोखंडी जाळी. अकरा नंबर दारात भांडी घासत होती. आम्हाला बघून तिच्या हातातली राख तशीच राहिली.

सरांनी तिला हातानंच बस म्हणून खूण केली आणि घड्याळ काढून उभे राहिले. दिवस मावळायला आला तसा तिचा आजा मेंढी घेऊन आला. एकच मेंढी. ती आत गेली, कोपऱ्यात जाऊन बसली. म्हातारा जाळीवर हात ठेवून उभा राहिला, तोंड रस्त्याकडं. आम्हीही उभे राहिलो. तो खरंच उभा होता.

शेवटी सर पुढं झाले. ‘रामराम बाबा. रोज असं उभं राहून रडता का तुम्ही?’

‘मी? अन् कशापायी रडू?’ म्हातारा चिडला. ‘ही लई वांड हाय. लगीच फाटक लावलं की धडका मारती. बसली की मंग लावायचं.’

‘बसली की ती. केव्हाची.’

म्हाताऱ्यानं मागं वळून मेंढीकडं पाहिलं. ‘व्हय, बसली,’ म्हणाला आणि जाळी ओढून घेतली.

सरांनी वही उघडली, मोपेडच्या सीटवर ठेवली आणि लाल पेनानं लिहिलं: ‘दोन नव्हे, साडेतीन मिनिटं. मेंढी पाहिली. आजोबा पाहिले. अश्रू आढळले नाहीत.’ मग मुलीला जवळ बोलावून विचारलं, ‘हे अश्रू कुणी आणले?’

‘फोननं,’ ती म्हणाली. ‘मी सगळं सांगितलं फोनला, आपलं बोलतो तसं. त्यानं नीट करून दिलं.’

‘नीट कशाला करायचं?’

तिनं हळूच माझ्याकडं बघितलं. ‘बाई गावठी कापत्यात.’

खोटं कशाला बोलू, कापत होते. ‘लई’ला गोल, ‘व्हय’ला गोल, मार्जिनमध्ये ‘शुद्ध लिही’. मीच तिला शिकवलं होतं की जसं बोलतेस तसं लिहिलं की मार्क जातात, आणि त्याच शिकवणीनं वागली म्हणून मीच तिला अख्ख्या वर्गासमोर चोर ठरवलं होतं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी तिची माफी मागितली. ती घाबरून म्हणाली, ‘नगं बाई, चहा ठेवते.’

तिनं निबंध पुन्हा लिहिला. पट्टी हिरवी आली, पण ती बघायची मला गरज नव्हती. शेवटची ओळ होती: ‘आजा म्हणतो मेंढी वांड हाय. पण तो मागच्या मेंढरांला थांबतो. इचारलं तर सांगत न्हाय.’ सरांनी त्याखाली ‘पाहिलं’ लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. म्हणाले, ‘सदतीस, त्रेसष्टवर राग धरू नको. कशाला मार्क पडतात ते त्याला आपल्याच गाईडांनी शिकवलंय.’

एवढं सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर माणसानं शहाणं व्हावं की नाही? मी नाही झाले.

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाच्या आदल्या आठवड्यात मोठ्या बाईंनी मानपत्राचं काम मला दिलं. नेमक्या त्याच दिवसांत तोंडी परीक्षा, ऑनलाइन फॉर्म, धाकट्याला ताप. मी यंत्राला सांगितलं, मराठीच्या निवृत्त शिक्षकांसाठी मानपत्र लिही, भारदस्त हवं. चहा निवायच्या आत आलं. औरंगपुऱ्यातून सोनेरी काठाच्या चौकटीत बसवून घेतलं. समारंभात सर शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि मी माइकवर खणखणीत वाचत होते. ज्ञानाचे दीपस्तंभ, मृदुभाषी, वेळेचे काटेकोर, आपल्या जाण्याने आमचे डोळे पाणावले आहेत. टाळ्या झाल्या. सरांनी चौकट घेतली, चष्मा वर केला, वाचली, आणि खिशातून लाल पेन काढलं.

काचेवर पेन उठेना. म्हणून त्यांनी चौकट उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले. सगळा हॉल थांबला. पाहुण्यांना वाटलं, सर उत्तराचं भाषण काढतायत. मला माहीत होतं काय चाललंय. पुठ्ठ्यावर मजकूर असा होता:

‘दीपस्तंभ: या शहराला समुद्र नाही. आठवीतही सांगितलं होतं. मृदुभाषी: पाचवीच्या वर्गाला विचारा. वेळेचे काटेकोर: मोपेडला विचारा. पाणावलेले डोळे: पहिल्या तीन रांगा पाहिल्या, अश्रू आढळले नाहीत. शून्य. पुन्हा लिही. मुदत पंधरा दिवस.’

चौकट माझ्या हातात देत हळूच म्हणाले, ‘हे त्रेसष्टनं लिहिलंय. सदतीसचं कुठंय?’

मी कसनुसं हसले. खरा घाव नंतर बसला. खुर्च्या आवरताना मोठ्या बाई सहज म्हणाल्या, ‘मी मानपत्र बाहेरून लिहून घेणार होते गं. सरच म्हणाले, सदतीसला सांगा. तिनं बापाच्या टाचण्या मोजल्यात, ती बरोबर लिहील.’ आयुष्यात सरांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला हे एकच ठाऊक आहे, आणि ते मी यंत्राला सांगून मोकळी झाले होते. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

तर सर, हे घ्या. हे मी लिहिलंय. तुम्ही मृदुभाषी नाही. तुम्ही वेळेवर येत नाही. तुम्हाला मोपेड नीट चालवता येत नाही आणि तुमच्या अक्षराला डॉक्टर बावीसही हसतो. तुम्ही आमच्या घरी दोन रविवार आलात म्हणून माझ्याकडं माझे बाबा शिल्लक आहेत. आणि तुम्ही गेलात म्हणून मी काही रडणार बिडणार नाही.

इथपर्यंतचं सरांनी रविवारी तपासलं. आमच्या ओट्यावर बसून, अर्धा कप चहा घेत, पाऊण तास. ‘बारा वर्षं’ला गोल करून ‘साडेअकरा’ केलं. मोपेड दोनदा बंद पडली होती, मी एकदाच लिहिलंय म्हणून एक मार्क कापला. बावीसच्या हसण्यापुढं लिहिलं, ‘विचारून येतो,’ आणि खरंच विचारून आले. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून ‘पडताळणी बाकी’ असा शेरा दिला. आणि अगदी खाली, माझ्या सहीजवळ, ‘पाहिलं.’

इथून पुढचं सरांनी तपासलेलं नाही.

सोमवारी दुपारी मी आणि मामू बसस्टँडवर गेलो. मामूंनी चौकटीतलं जुनं मानपत्र काढून माझी हातानं लिहिलेली पानं घडी करून आत बसवली होती. मागचा लाल शेऱ्यांचा पुठ्ठा सरांनी तसाच ठेवायला लावला. पुण्याच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले, चौकट मांडीवर, नव्या बुशशर्टावर लाल डाग पडलेला. मला म्हणाले, ‘त्रेसष्टची हजेरी घेत जा. नसला तर गैरहजर लिही, उगीच सांभाळून घेऊ नको.’ मी म्हणाले, ‘बरं.’ बस हलली. सर खिडकीतून माझ्या तोंडाकडं निरखून बघत होते, पण मी चांगली ऐटीत उभी राहिले. बस फाटकाबाहेर पडून वळली.

‘चलो बाई,’ मामू म्हणाले, ‘गई बस.’

‘हौ,’ मी म्हणाले आणि तिथंच उभी राहिले. मामूंनी पुन्हा हाक मारली तेव्हा सवयीनं घड्याळात पाहिलं. साडेचार मिनिटं झाली होती. आणि अश्रूंचं म्हणाल तर, सर, येऊन तपासा.